टीसीएलची कुळकथा

आमच्या सोसायटीची टाकी वर्षातून दोनदा धुतात. अंबरनाथ पश्चिमेच्या जुन्या इमारतींत एक टाकी जमिनीखाली, एक गच्चीवर आणि पाणी आलं की मोटर लावायला एक माणूस, अशी व्यवस्था असते. टाकी धुऊन झाली की तो मळकट पिशवीतून ओंजळभर पांढरी पावडर काढतो आणि गच्चीभर नाकात शिरणारा ओळखीचा वास पसरतो. पिशवीवर पेनाने लिहिलेलं असतं, ‘टीसीएल’. टीसीएल म्हणजे काय, असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, “पावडर.” सेक्रेटरीकाकांनाही विचारलं. तेही म्हणाले, “पावडरच की!”

ग्रामपंचायतीच्या शिपायापासून आरोग्यसेविकेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेली ही तीन अक्षरं आहेत ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम या नावाची. भिजवलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडला की ब्लीचिंग पावडर तयार होते. तिच्यातला क्लोरीन पाण्यातले जंतू मारतो, पण तो मोठा पळपुटा. ऊन लागलं, दमट हवा लागली, झाकण उघडं राहिलं की उडून जातो आणि मागे उरतो नुसता चुना. थंड हवेच्या देशात तयार झालेली पावडर आपल्याकडच्या उकाड्यात टिकेना, म्हणून तिच्यात जादा कळीचा चुना मिसळला. तो ओल शोषून घेतो आणि क्लोरीनला धरून ठेवतो. नावातल्या ‘ट्रॉपिकल’चा अर्थ एवढाच: ही आपल्या हवेसाठी बेतलेली पावडर आहे.

तिचा जन्म मात्र पाण्यासाठी झालेला नाही, कापडासाठी झाला. स्वीडनमध्ये शीलेने 1774 साली क्लोरीन वायू प्रथम वेगळा केला. क्लोरीनने कापडाचा रंग उडतो हे पुढे फ्रान्सच्या बर्थोलेने दाखवलं. त्याआधी युरोपात कोरं कापड पांढरं करायला ते महिनोन् महिने गवतावर उन्हात पसरून ठेवत. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने 1799 साली क्लोरीन चुन्यात मुरवून कोरड्या पावडरीचं पेटंट घेतलं आणि महिन्यांचं काम दिवसांवर आलं.

पाण्याकडे ती वळली ती वासामुळे. रोग दुर्गंधीतून होतो असं तेव्हा सगळे मानत, आणि ही पावडर दुर्गंधी घालवायची. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात झेमेलवाइसने 1847 साली डॉक्टरांना तिच्या पाण्याने हात धुवायला लावले. शवविच्छेदन करून आलेल्या हातांचा वास तिने जायचा, म्हणून त्याने ती निवडली होती. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. इंग्लंडमधल्या मेडस्टन गावात 1897 साली विषमज्वराची साथ आली, तेव्हा गावाच्या नळांत ब्लीचिंग पावडरीचं पाणी खेळवलं. लिंकन शहरात 1905 पासून पिण्याच्या पाण्यात रोज क्लोरीन घालायला सुरुवात झाली आणि 1908 साली अमेरिकेतल्या जर्सी सिटीत जॉन लील या डॉक्टरने तेच केलं. पाण्यात ‘केमिकल’ घातलं म्हणून त्याला कोर्टात उत्तर द्यावं लागलं. निकाल त्याच्या बाजूने लागला.

आपल्याकडची बाजू फार जुनी आणि फार दुःखाची. पटकी, मोडशी, महामारी अशी कॉलऱ्याला आपल्याकडे कितीतरी नावं. त्यातलं मोडशी गोव्यातून पोर्तुगिजांच्या तोंडी ‘मोर्देशिम’ झालं आणि फ्रेंचांनी त्याचा ‘मोर्-द-शियाँ’, म्हणजे कुत्र्याचं मरण, असा अर्थ लावला. गावोगाव साथ आली की मरीआईचा गाडा सजवून शिवेबाहेर नेऊन सोडत. ज्या गावात सकाळी जेवलेला माणूस संध्याकाळी तिरडीवर जायचा, त्या गावाने दुसरं काय करायचं होतं? कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉखने 1884 साली कोलकात्यात एका तळ्याच्या पाण्यातही शोधला, आणि मग कुठे शत्रूचा पत्ता लागला.

पण टीसीएलच्या आधी आपल्या विहिरींत पडलं ते लाल औषध. आग्र्याला काम करणाऱ्या हँकिन या शास्त्रज्ञाने साथीच्या दिवसांत विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा आग्रह धरला. पाणी जांभळं-गुलाबी व्हायचं, आणि औषध पडलंय हे बायाबापड्यांना घागर भरतानाच दिसायचं. टीसीएलचं तसं नाही. ती विरघळली की दिसत नाही, आणि मेलेली पावडरही जिवंत पावडरीइतकीच पांढरी असते.

म्हणून तिच्या जोडीला आली ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडीनची परीक्षा. नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, दोन थेंब सोडायचे. क्लोरीन असेल तर पाणी तिथल्या तिथे पिवळं होतं. नसेल तर तसंच राहतं. घरच्या नळाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असं भारतीय मानक सांगतं. खेड्यांत ही परीक्षा जलसुरक्षक करतो आणि पाहणीवरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आमच्यासारख्या शहरवजा गावात जीवन प्राधिकरण नदीचं पाणी शुद्ध करून सोडतं. पुढे सोसायटीच्या टाकीत त्याचं काय होतं, हे सहसा कुणी बघत नाही.

टाकीत ओंजळभर पावडर भिरकावणं हे औषध टाकणं नव्हे. चांगल्या, 33 टक्के क्लोरीनच्या पावडरीचा हिशेब हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीला 25 ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात लगदा करायचा, मग पाणी वाढवून निवळू द्यायचं, वरचं निवळलेलं पाणी टाकीत सोडायचं आणि खालचा चुना फेकून द्यायचा. त्यानंतर निदान तासभर पाणी वापरायचं नाही. गढूळ पाण्यात तिचं काही चालत नाही. आधी तुरटी फिरवून गाळ बसवावा लागतो.

एवढं करूनही टीसीएलच्या आवाक्याबाहेरचं एक पाणी आमच्या गावातून वाहतं. वालधुनी नदी अंबरनाथच्या डोंगरांत उगम पावते आणि शके 982, म्हणजे इ.स. 1060 च्या शिलाहारकालीन शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरकडे जाते. कारखान्यांच्या सांडपाण्याने तिचा नाला झाला. नोव्हेंबर 2014 मध्ये तिच्यात ओतलेल्या रसायनातून विषारी वायू उठला आणि उल्हासनगरात काठावरच्या शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं. उल्हासनगरच्या जीन्स धुलाईचं रंगीत पाणीही वर्षानुवर्षं याच नदीत गेलं. जीन्स फिकी करायच्या धंद्यात कोणती रसायनं लागतात? क्लोरीनचं ब्लीच आणि पोटॅशियम परमँगनेट. जी दोन औषधं आपल्या विहिरी वाचवायला आली, तीच कापडाच्या रंगासोबत नदीत ओतली गेली. हे लिहिताना मला मनापासून लाज वाटते.

जंतूंसाठी टीसीएल खरं औषध आहे. शिसं, आम्लं, रंग यांच्यापुढे ती हतबल आहे, आणि ओटीचा पिवळा रंगही त्यांच्याबद्दल काही सांगत नाही. पण म्हणून जंतूंविरुद्धची लढाई जुनी झाली असं कुणी समजू नये. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागांत गियाँ-बारे आजाराची साथ आली, चालती-बोलती माणसं व्हेंटिलेटरवर गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. नेमक्या मात्रेतल्या क्लोरीनने सहज मरणारा जंतू आहे हा.

तेव्हा पुढच्या वेळी टाकी धुणारा आला की पिशवीवरची तयार झाल्याची तारीख वाचा. तारीख नसेल तर पावडर परत करा. सोसायटीच्या खर्चातून ओटीची एक बाटली आणून ठेवा, आणि पाणी भरल्यावर सगळ्यात लांबच्या नळाखाली काचेची नळी धरून दोन थेंब सोडा.