खरी गोम कुठे आहे

पावसाळ्याचे पहिले पंधरा दिवस. मोरीपाशी काहीतरी सळसळत जातं, तुळशीवृंदावनाच्या कडेला काहीतरी वेटोळं करून पडलेलं असतं आणि घरातून एकच आरोळी उठते : ‘गोम!’ पुढे चप्पल दोघांनाही सारखाच न्याय देते.

या दोघांना ओळखण्यातली खरी गोम इथेच आहे. सळसळली ती गोम. वेटोळं घातलं तो पैसा, शेतकऱ्यांची वाणी. दोघेही बहुपाद, पण नातं लांबचं. गोम शिकारी, म्हणून चपटी आणि चपळ. वाणी कुजका पाला खाणारी, म्हणून गोलसर आणि संथ. गोमेच्या प्रत्येक वलयाला पायांची एकच जोडी असते, वाणीच्या बहुतेक वलयांना दोन. एवढं दिसलं की निम्मा अभ्यास झाला.

नावांवर मात्र विसंबू नका. गोमेला शतपाद म्हणतात, पण प्रौढ गोमेच्या जोड्या विषम संख्येत असतात, त्यामुळे नेमके शंभर पाय जुळतच नाहीत. घोणीच्या, म्हणजे मोठ्या गोमेच्या, जोड्या बहुधा २१. भिंतीवर धावणाऱ्या लांब पायांच्या घरगोमेच्या १५. वाणीच्या ‘सहस्रपाद’ या नावाचंही तेच. हजाराहून जास्त पायांची पहिली जात २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात जाहीर झाली, तिचे पाय १,३०६!

गोम डसते ती तोंडाने नाही. पायांची पहिली जोडीच विषारी नांग्या झालेली असते. मागची लांब जोडी पाहून लोक ‘शेपटीने डसते’ म्हणतात, ते खोटं. वाणी डसत नाही. हातात घेतलीत तर बोटांवर तपकिरी डाग आणि उग्र वास मागे ठेवते. लहानपणी मी तो डाग दोन दिवस मिरवला आहे. पण ती अगदीच निरुपद्रवी, असंही लिहिता येत नाही. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन आणि कपाशीची कोवळी रोपं ती कुरतडते. तिथे शेतकरी संध्याकाळी गवताचे ढीग ठेवतात आणि सकाळी त्याखाली जमलेल्या वाण्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकतात. घरातल्या गोमेसाठी हा उपाय व्यर्थ. तिथे ओल घालवा, फटी बुजवा.

पुढची पानं उलगडण्याआधी एक भिंग आणि एक काचेचा पेला जवळ ठेवा. वाणी तळहातावर घेतली तरी चालेल. गोम दिसली तर पेला उपडा घाला आणि काचेतूनच जोड्या मोजा.