चौकोनी खांच

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु एखाद्या स्क्रूच्या माथ्यावरही इतिहास लिहिलेला असतो, आणि तो पुसून टाकण्यास एका दुपारचें काम पुरतें. याचा प्रत्यय आम्हांस मुरबाड तालुक्यांतील वैशाखरे येथें आला.

माळशेज घाटाच्या वाटेवरील या गांवीं आमच्या एका स्नेह्यांनीं, गोठ्यांत वर्षानुवर्षें पडून असलेली एक जुनी उघडी मोटार जीर्णोद्धारासाठीं बाहेर काढली. गाडी फोर्डची ‘मॉडेल टी’. हूड मागें दुमडणारें. १९०८ ते १९२७ या काळांत अशा दीड कोटींच्या घरांत गाड्या निघाल्या. तेव्हां तिच्या बॉडीविषयीं कांहीं कोडें उरलें असेल, असें कोणास वाटेल? पण कोडें होतें. अमेरिकन पुस्तकांतील चित्रांत पुढच्या डाव्या बाजूस खरें दार नाहीं. पत्र्यावर दाराची नुसती आकृति उठविलेली आहे. तेथें चालक डावीकडे बसे आणि उजवीकडून आंत शिरे. त्या बाजूस उघडणारें दार १९२६ च्या नमुन्यापासून आलें. आमच्या स्नेह्यांची गाडी त्याहून जुन्या घडणीची, स्टिअरिंग उजवीकडे. तरी तिला डाव्या बाजूसही उघडणारें दार! कोणी तरी मागाहून पत्रा कापला असावा, असा तर्क निघाला. आणि पुस्तकाबरहुकूम तें दार वेल्डिंग करून बंद करावें, असें ठरलें. आमचेंही मत तसेंच पडलें होतें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

सुदैवानें त्यापूर्वींच सुताराने पत्र्याखालचा कुजका लांकडी सांगाडा उघडला. दाराच्या खांबांतील स्क्रूंना त्याचा पेचकस लागेना. गंज खरवडून पाहतों, तों माथ्यावर आडवी चीर नसून चौकोनी खांच! हा स्क्रू कॅनडांतील रॉबर्टसन यांनीं १९०८ सालीं योजिला. त्यांचा कारखाना ओंटारिओ प्रांतांत मिल्टन येथें होता. या खांचेंतून हत्यार निसटत नाहीं, म्हणून कॅनडांतील फोर्डच्या कारखान्यानें तो उचलला. हेन्री फोर्ड यांस त्याचा हक्क हवा होता, पण रॉबर्टसन यांनीं तो दिला नाहीं, असें सांगतात.

मग दाराचाही उलगडा झाला. फोर्डची कॅनडांतील कंपनी १९०४ सालीं स्थापन झाली, आणि ग्रेट ब्रिटन वगळतां साम्राज्यांतील बहुतेक देशांचा बाजार तिच्याकडे होता. कोठें वाहनें डावीकडून चालत, कोठें उजवीकडून. एकाच बॉडींत दोन्ही तऱ्हांची सोय व्हावी म्हणून तेथें पुढें दोहों बाजूंस उघडणारीं दारें ठेवीत. इंजिनावरील क्रमांकाआधीं कॅनडाची खूण असलेलें ‘सी’ अक्षरही सांपडलें. परंतु इंजिन बदलतां येतें. एकाच वेळीं पाडलेल्या भोंकांत गंजून बसलेल्या स्क्रूंची साक्ष आम्हांस अधिक मोलाची वाटली.

वैशाखऱ्याहून वर चढणाऱ्या नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहन राजकुलाच्या मूर्ति होत्या. आज मूर्ति नाहींत. पायांच्या कांहीं खुणा आणि त्यांवरील नांवें तेवढीं राहिलीं आहेत. त्या खुणा ओबडधोबड दिसतात म्हणून कोणी भिंत तासून गुळगुळीत केली असती, तर सिमुक सातवाहन आणि नागनिका यांची तेथील ओळखच हरपली असती. आम्ही त्या दाराच्या बाबतींत नेमकें तेंच करावयास निघालों होतों. पुस्तक खोटें नव्हतें. तें दुसऱ्या देशांत घडलेल्या गाडीविषयीं होतें. समोरच्या वस्तूला आपल्या ग्रंथासारखी करणें म्हणजे जीर्णोद्धार नव्हे.

दार राहिलें. नव्या सागवानी खांबास, जेवढे धड निघाले तेवढे, जुनेच स्क्रू बसविले. उरलेल्या जागीं साधे स्क्रू घातले, आणि ते कोणते याची नोंद एका वहींत करून वही गाडींतच ठेवली. पुढें कोणी हा खांब उघडील, त्याची आमच्यामुळें फसगत होऊं नये.