पाऱ्याचे रूप पालटणारे जीवाणू

जीवाणू पारा 'खातात', असे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात. दोष त्यांचा नाही. आम्हा संशोधकांनीच व्याख्यानांतून हा शब्द रूढ केला. खनिज तेलाचा रेणू जीवाणू खरोखर खातात, त्याचे तुकडे करून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बनवतात. पारा मात्र मूलद्रव्य आहे. तो नाहीसा करणे कोणत्याही सजीवाला शक्य नाही. बदलता येते ते फक्त त्याचे रूप, आणि रूपावरच विषारीपणा अवलंबून असतो.

याची किंमत जपानमधील मिनामाता गावाने मोजली. तेथील चिस्सो कंपनीत १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड तयार होत असे. उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचा क्षार वापरत. त्या प्रक्रियेतच थोडा मिथिल पारा बने, सांडपाण्याबरोबर समुद्रात जाई आणि माशांत साठे. आधी मांजरे वेडीवाकडी नाचत मेली. १ मे १९५६ रोजी माणसांतील आजाराची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. सरकारने कारखान्याचा दोष मान्य करायला १९६८ उजाडले. मधली नऊ वर्षे आजही अस्वस्थ करतात.

त्याच सुमारास जीवाणूंची दोन परस्परविरोधी रूपे पुढे आली. १९६८ मध्ये केन्झो तोनोमुरा व सहकाऱ्यांनी मातीतील एका स्यूडोमोनास जीवाणूचे वर्णन केले. सेंद्रिय पाऱ्याच्या द्रावणात तो जगत होता आणि द्रावणातला पारा वाफ होऊन उडत होता. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या जेन्सन आणि यर्नेलोव यांनी दाखवले, की तळ्याच्या गाळातील सूक्ष्मजीव साध्या पाऱ्याच्या क्षारापासून मिथिल पारा बनवतात! म्हणजे एक विष उतरवतो, दुसरा चढवतो. या दुसऱ्या कामाची जनुके सापडायला २०१३ साल यावे लागले.

पहिल्याची युक्ती दोन विकरांची आहे. एक विकर कार्बन आणि पारा यांमधील बंध तोडते. मिथिल गटाचा मिथेन होतो आणि पाऱ्याचा आयन सुटतो. दुसरे विकर त्या आयनाला दोन इलेक्ट्रॉन देते. उरतो तापमापकातला आपल्या ओळखीचा पारा. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, वाफ होऊन पेशीबाहेर पडतो. जीवाणूची सुटका झाली. आपली? वाफ हवेत पसरते आणि कालांतराने पावसाबरोबर पुन्हा जमिनीवर, पाण्यात येते.

म्हणूनच मिनामाताच्या उपसागरात जीवाणू सोडले गेले नाहीत. १९७७ ते १९९० या काळात गाळ उपसून, भराव घालून सुमारे ५८ हेक्टर जमीन तयार केली. विषारी गाळ तिच्याखाली गाडला गेला. गंमत अशी, की पाऱ्याला पुरून उरणारे बॅसिलस जीवाणू त्याच उपसागराच्या गाळात आढळले. १९९४ मध्ये नाकामुरा आणि सिल्व्हर यांनी त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

उपयोग करायचा तर वाफ निसटू देता कामा नये. मिठाच्या विद्युत अपघटनाने क्लोरीन बनवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यावर जर्मनीतील वाग्नर-डोब्लर यांच्या गटाने हे करून दाखवले. ७०० लिटरच्या टाकीत सच्छिद्र खडे भरून त्यांवर पारा-रोधी जीवाणूंचा थर वाढवला. त्यांचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. पाणी पुढे गेले आणि पाऱ्याचे बारीक थेंब टाकीतच, खड्यांमध्ये अडकून राहिले.