लसूण हजारो वर्षांचा, गोळी चाळीस वर्षांची: विश्वास कुणावर ठेवायचा?

अँजिओप्लास्टी होऊन दोन वर्षे झालेले एक काका नेहमीच्या तपासणीसाठी आले होते. रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६८ वरून १४२ वर गेलेले. खोदून विचारल्यावर कळले की तीन महिन्यांपूर्वी त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःहून बंद केली होती आणि रोज सकाळी उपाशीपोटी लसणाच्या चार पाकळ्या पाण्याबरोबर गिळत होते. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या मात्र चालूच होत्या. मी काही बोलण्याआधी त्यांनीच विचारले, "डॉक्टर, तुमची गोळी चाळीस वर्षांची, लसूण हजारो वर्षांचा. विश्वास कुणावर ठेवायचा?"

प्रश्न रास्त आहे. लसणाचा इतिहास खरोखरच मोठा आहे. म्हणून आज तो इतिहासच पाहू आणि त्यातून आपल्या उपयोगाचे काय निघते ते शोधू.

पिरॅमिड आणि लसूण

इजिप्तचा तरुण राजा तुतनखामेन याची कबर १९२२ मध्ये उघडली गेली. सोन्याच्या वस्तूंबरोबर तिथे लसणाचे गड्डेही मिळाले. हा राजा सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीचा. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या मुळा, कांदा आणि लसणावर १,६०० टॅलेंट चांदी खर्च झाल्याचा लेख त्याला दुभाष्याने वाचून दाखवला. आकडा कितपत खरा हे बाजूला ठेवू. इथे लसूण कष्टकऱ्यांच्या रोजच्या जेवणात आहे, हे महत्त्वाचे. आपल्याकडेही भाकरीबरोबर लसणाची चटणी असतेच. अन्न आणि औषध यांतली सीमारेषा त्या काळी फारशी ठळक नव्हती.

वाळवंटात सापडलेली पोथी

भारतीय वैद्यकातला लसणाचा एक जुना पुरावा भारताबाहेर सापडला. १८९० मध्ये हॅमिल्टन बोवर हा ब्रिटिश अधिकारी एका खुनाच्या तपासासाठी मध्य आशियात फिरत होता. आजच्या चीनमधील शिनजियांग प्रांतातल्या कुचा येथे त्याने भूर्जपत्रावरची एक जुनी पोथी विकत घेतली. रुडॉल्फ हर्नले या संस्कृत पंडितांनी ती वाचून प्रसिद्ध केली. ही पोथी साधारण दीड हजार वर्षांपूर्वीची असून आज ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

या पोथीची सुरुवातच लसणाने होते. सुश्रुत काशिराजांना या वनस्पतीबद्दल विचारतो आणि ते तिची जन्मकथा सांगतात. अमृत चोरून पिणाऱ्या असुराचा गळा विष्णूने कापला, तेव्हा जमिनीवर पडलेल्या थेंबांतून लसूण उगवला. असुराच्या शरीराचा स्पर्श झाल्यामुळे तो ब्राह्मणांना वर्ज्य ठरला. पण औषध तर हवे! त्यावर पोथीत तोडगाही आहे: गाईला तीन रात्री जवळजवळ उपाशी ठेवून मग गवताबरोबर लसणाची पात खायला घालावी, आणि तिचे दूध, दही, तूप घ्यावे. नियमही पाळला जातो आणि औषधही मिळते.

आयुर्वेदात लसणाला 'रसोन' असेही नाव आहे. सहा रसांपैकी एक, म्हणजे आंबट रस, त्यात उणा म्हणून रसोन, अशी त्याची फोड सांगतात. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात लसूण अतिशय तीक्ष्ण व उष्ण, भूक वाढवणारा, खोकला आणि दमा यांवर उपयोगी असे वर्णन आहे. त्याच ठिकाणी तो रक्त आणि पित्त बिघडवणारा आहे, असा इशाराही आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत पहिला भाग येतो, दुसरा गळतो. जुन्या वैद्यांनी गुणांबरोबर दोषही लिहून ठेवले होते.

वास कुठून येतो?

अखंड लसणाला फारसा वास नसतो. तो ठेचला की घमघमाट सुटतो. असे का होते, याचे उत्तर मिळायला १९४४ साल उजाडले. अमेरिकेत चेस्टर कॅव्हालिटो आणि जॉन बेली यांनी लसणातून जंतुनाशक गुण असलेला एक पदार्थ वेगळा काढला आणि त्याला ॲलिसिन असे नाव दिले. पुढे काही वर्षांतच स्वित्झर्लंडमध्ये स्टोल आणि सीबेक यांनी कोडे पूर्ण सोडवले. लसणाच्या पेशींत ॲलिन नावाचा वासरहित पदार्थ असतो आणि ॲलिनेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळ्या कप्प्यात असते. ठेचल्यावर कप्पे फुटतात, दोघे एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होते.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी कळतात. पाकळी अख्खी गिळली तर कप्पे फुटतच नाहीत, आणि जठरातले आम्ल त्या एन्झाइमला निकामी करते. म्हणजे काका गिळत होते त्या पाकळ्यांतून ॲलिसिन फारसे तयारच होत नव्हते. दुसरे, ठेचल्याबरोबर लसूण कडकडीत फोडणीत टाकला तरी ते एन्झाइम नष्ट होते. शिवाय बशीत जंतू मारणारा पदार्थ माणसाच्या शरीरात तसेच काम करेल असे नाही. ॲलिसिन अस्थिर असते, शरीरात लगेच त्याचे दुसऱ्या पदार्थांत रूपांतर होते. त्यामुळे न्यूमोनिया किंवा टायफॉइडमध्ये लसूण हा अँटिबायोटिकला पर्याय नाही.

कोलेस्टेरॉलची आशा, आणि पुण्यातला अभ्यास

१९७० च्या दशकात भारतीय डॉक्टरांनी या विषयात महत्त्वाचे काम केले. उदयपूरचे डॉ. अरुण बोर्डिया यांनी लसणाचा रक्तातील चरबीवर होणारा परिणाम तपासला. त्यांचा लेख १९७३ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात आला. पुण्यात डॉ. जी. एस. सैनानी आणि सहकाऱ्यांनी एक कल्पक अभ्यास केला. जैन समाजात काही जण कांदा-लसूण अजिबात खात नाहीत, काही थोडा खातात, तर काही भरपूर. बाकीचा आहार बराचसा सारखा. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भरपूर खाणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल सर्वांत कमी आणि अजिबात न खाणाऱ्यांचे सर्वांत जास्त आढळले.

निष्कर्ष उत्साह वाढवणारे होते. पण अशा तुलनेत एक अडचण राहते. तो परिणाम लसणाचा, कांद्याचा, की राहणीमानातल्या दुसऱ्याच फरकाचा, हे ठरवता येत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात.

तसा काटेकोर अभ्यास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एलडीएल मध्यम वाढलेल्या १९२ जणांचे चार गट केले. एका गटाला कच्चा लसूण, दोन गटांना लसणाच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या आणि चौथ्याला औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी. कच्चा लसूण सँडविचमध्ये घालून दिला, साधारण एक पाकळी रोज, आठवड्यातून सहा दिवस, असे सहा महिने. एकाही गटात एलडीएलमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही.

रक्तदाबाबाबत चित्र थोडे बरे आहे. वाढलेला रक्तदाब लसणाच्या गोळ्यांनी काही अंकांनी उतरल्याचे अनेक छोट्या अभ्यासांत दिसले. पण त्यामुळे हार्ट अटॅक किंवा पक्षाघात टळतो, हे अजून सिद्ध झालेले नाही.

रक्ताची दुसरी बाजू

१९८४ मध्ये लसणातून 'अजोईन' नावाचा पदार्थ वेगळा केला गेला. 'आहो' म्हणजे स्पॅनिशमध्ये लसूण, त्यावरून हे नाव. हा पदार्थ रक्तातील प्लेटलेट एकमेकांना चिकटू देत नाही. ऐकायला हा फायदाच वाटतो. पण १९९० मध्ये ८७ वर्षांच्या एका गृहस्थांना अति लसूण खाण्यामुळे मणक्याच्या आत रक्तस्राव झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली. अशा घटना दुर्मिळ आहेत. मात्र जो माणूस ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन घेत आहे, त्याने वर लसणाचा मोठा डोस घेणे म्हणजे मोजमाप नसलेली आणखी एक गोळी घेणे आहे.

आणखी काही धोके लक्षात ठेवा.

- एचआयव्हीवरील सॅक्विनाव्हिर या औषधाचे रक्तातील प्रमाण लसणाच्या गोळ्यांमुळे सुमारे निम्म्याने घटल्याचे अमेरिकेतल्या अभ्यासात दिसले. कोणतीही नियमित औषधे चालू असतील तर लसणाच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नका.
- ठेचलेला लसूण त्वचेवर बांधून ठेवला तर भाजल्यासारखी जखम होते. लहान बाळाच्या छातीवर किंवा तळपायावर तो कधीही बांधू नका.
- कान दुखतो म्हणून लसणाचे तेल कानात घालू नका. पडद्याला छिद्र असेल तर त्रास वाढतो.
- तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर ठेवू नका. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे अशा लसणामुळे ३६ जणांना बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा झाली होती.
- उपाशीपोटी कच्च्या लसणाने जळजळ, मळमळ होते. ॲसिडिटी असणाऱ्यांनी टाळावा.

मग लसूण खायचा की नाही?

जरूर खा. आमटीत, भाजीत, चटणीत रोज दोन-तीन पाकळ्या बहुतेकांना चालतात. लसणामुळे चव येते आणि मीठ थोडे कमी घातले तरी चालते, हा रक्तदाबाच्या रुग्णांना खरा फायदा. ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल तर लसणाच्या कॅप्सूल घेत असल्याचे डॉक्टरांना आधी सांगा. ऑपरेशनपूर्वी किमान सात दिवस त्या बंद ठेवाव्यात असा सर्वसाधारण सल्ला आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.

काकांना मी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचे मूळही निसर्गातच आहे. १९७० च्या दशकात जपानमधील अकिरा एन्डो यांनी बुरशीतून या गटातला पहिला पदार्थ शोधला. फरक इतकाच की त्यानंतर त्याचा डोस ठरवला गेला, हजारो रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि हार्ट अटॅक कमी होतात हे मोजून पाहिले गेले. लसणाची तशी चाचणी जिथे झाली, तिथे कोलेस्टेरॉलपुरता तो कमी पडला.

काकांनी रिपोर्ट पुन्हा एकदा पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे गोळी चालू करू, आणि लसूण?" मी म्हटले, "काकूंना चटणी करायला सांगा."