बंदिस्त बाजारसंकुल (मॉल) : ऱ्हास व पुनर्विकास

एकाच मालकीच्या विस्तीर्ण इमारतीत, एका छपराखाली, वातानुकूलित मार्गिकांच्या दुतर्फा मांडलेल्या दुकानांच्या समूहास बंदिस्त बाजारसंकुल किंवा व्यवहारात ‘मॉल’ असे म्हणतात. मार्गिकेच्या टोकांस मोठी विभागीय भांडारे, मध्ये लहान दुकाने व उपाहारगृहे आणि सभोवती प्रशस्त वाहनतळ, ही त्याची मूळ रचना होय. हा प्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाला, तेथील उपनगरांचे केंद्र बनला आणि त्याच शतकाच्या अखेरीस त्यास उतरती कळा लागली. ओस पडलेल्या संकुलांचे काय करावयाचे, हा अनेक लहान शहरांपुढील बिकट प्रश्न ठरला. कारण संकुलाबरोबर नगरपालिकेचे करउत्पन्न आणि नागरिकांची एकत्र येण्याची जागा ही दोन्ही जात होती.

उगम व प्रसार : या प्रकाराचे जनकत्व व्हिक्टर ग्रूएन (१९०३–८०) या वास्तुशिल्पज्ञाकडे दिले जाते. ग्रूएन मूळचा व्हिएन्नाचा. ऑस्ट्रिया नाझी जर्मनीस जोडला गेल्यावर १९३८ मध्ये तो अमेरिकेत आला. पायी हिंडण्याजोगे रस्ते, चौक व कॉफीगृहे यांची व्हिएन्नातील परंपरा त्याच्यापुढे होती. मोटारींवर विसंबलेल्या अमेरिकन उपनगरांत असा मध्यवर्ती चौक नव्हता. तो निर्माण करावा, ही त्याची भूमिका होती. डेटन या व्यापारी घराण्यासाठी त्याने मिनेसोटा राज्यातील ईडायना येथे साउथडेल हे संकुल आखले. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी ते खुले झाले. त्यावर सु. २ कोटी डॉलर खर्च आला. दोन प्रतिस्पर्धी विभागीय भांडारे, ७२ दुकाने व सु. ५,२०० मोटारींची सोय असलेल्या या संकुलात मध्यभागी छपराखालील बाग होती व कडाक्याच्या हिवाळ्यातही आतील तापमान सु. २४° से. राखले जाई. मूळ आराखड्यात सभोवारच्या जमिनीवर घरे, शाळा, दवाखाने, उद्यान व तळे योजिले होते. तो आराखडा एकसंधपणे कधीच पुरा झाला नाही. पुढे देशभर नक्कल झाली ती चौकाच्या कल्पनेची नव्हे, तर भांडारे व वाहनतळ यांच्या मांडणीची. १९७८ मध्ये लंडन येथील भाषणात ग्रूएनने या संकुलांचे पितृत्व नाकारले.

या प्रसारास शासकीय धोरणांचा मोठा हातभार लागला. १९५४ च्या करसंहितेने नव्या व्यापारी इमारतींवर आरंभीच्या वर्षांत जादा घसारा धरण्याची मुभा दिली. त्यामुळे नव्या इमारतीतून नफा होत असतानाही हिशेबात तोटा दाखविता येई, आणि जुनी इमारत नीट राखण्यापेक्षा नवी उभारणे गुंतवणूकदारांस अधिक किफायतशीर ठरे. १९५६ च्या कायद्यान्वये बांधल्या जाऊ लागलेल्या आंतरराज्य महामार्गांमुळे शहराबाहेरची स्वस्त जमीन ग्राहकांच्या आवाक्यात आली. जुन्या शहरांतील मुख्य रस्त्यांवरचा व्यापार त्यामुळे ओसरला.

संकुलाने मुख्य रस्त्याची जागा घेतली, तरी रस्त्याचा कायदा तेथे लागू झाला नाही. ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथील लॉइड सेंटर या संकुलात व्हिएटनाम युद्धाविरुद्ध पत्रके वाटणाऱ्यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये असा निर्णय दिला, की संकुल ही खाजगी मालमत्ता असल्याने तेथे पत्रके वाटण्याचा घटनात्मक हक्क नाही. राज्ये आपापल्या घटनांद्वारे अधिक मोकळीक देऊ शकतात, हे १९८० मध्ये कॅलिफोर्नियातील एका प्रकरणात मान्य झाले. तथापि सर्वसाधारणतः संकुलातील चौक हा मालकाच्या मर्जीचा चौक राहिला.

ऱ्हासाची कारणे : संकुलांच्या ऱ्हासाचे खापर संगणकीय खरेदीवर फोडले जाते, परंतु ऱ्हास त्यापूर्वीच सुरू झाला होता. इलिनॉय राज्यातील हार्वी येथील डिक्सी स्क्वेअर हे संकुल १९६६ मध्ये सुरू होऊन १९७८ मध्येच बंद पडले. पुढच्या वर्षी तेथे ‘द ब्लूज ब्रदर्स’ या चित्रपटातील मोटारींच्या पाठलागाचे चित्रीकरण झाले. त्यानंतर ती इमारत तीन दशकांहून अधिक काळ पडून राहिली व २०१२ मध्ये पाडण्यात आली.

पहिले कारण अतिरिक्त बांधकाम हे होय. लोकवस्ती वाढली त्याहून वेगाने दुकानांची जागा वाढली आणि नवे संकुल जवळच्या जुन्या संकुलाचे गिऱ्हाईक ओढू लागले. जुन्या शहरांची जी गत संकुलांनी केली, तीच जुन्या संकुलांची नव्यांनी केली. दुसरे कारण रचनेतच होते. विभागीय भांडारे ही संकुलाचा आधार (व्यवसायाच्या परिभाषेत ‘अँकर’) असत. ती गिऱ्हाईक खेचून आणीत, म्हणून त्यांना अल्प भाड्यात जागा दिली जाई. भाड्याचा मुख्य भार लहान दुकानांवर पडे. भांडार बंद पडल्यास भाडे कमी करून मिळण्याची वा करार मोडण्याची मुभा अनेक लहान दुकानदारांच्या भाडेकरारांत असे. साहजिकच एक भांडार गेले, की दुकानांची गळती सुरू होई, उत्पन्न घटल्याने डागडुजी थांबे आणि उरलेले गिऱ्हाईकही पांगे. स्वस्त मालाच्या महाभांडारांच्या स्पर्धेने विभागीय भांडारे आधीच खिळखिळी झाली होती. माँटगोमेरी वॉर्ड ही जुनी कंपनी २००१ मध्ये बंद पडली. सीअर्सने २०१८ मध्ये, तर जे. सी. पेनीने २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. रस्त्यावरच्या बाजारात एक दुकान उठले, तर त्याच्या जागी दुसरे येते व रस्ता चालू राहतो. संकुल मात्र एकाच मालकाचे, एकाच उपयोगाचे व एकाच कर्जाने बांधलेले असल्यामुळे ते मोडले म्हणजे सबंधच मोडते.

पुनर्विकास : कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरच्या पश्चिमेस असलेल्या लेकवुड येथील व्हिला इटालिया या संकुलाची कथा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. हे संकुल १९६६ मध्ये सुरू झाले. लेकवुड नगर १९६९ मध्ये स्थापन झाले. म्हणजे संकुल नगराहून जुने. नगरास स्वतःची जुनी पेठ नसल्याने संकुलासच तिचे स्थान प्राप्त झाले. कोलोरॅडोतील नगरांचा खर्च बव्हंशी विक्रीकरावर चालतो. त्यामुळे १९९० नंतर संकुलाची विक्री घटू लागली, तेव्हा झळ नगराच्या तिजोरीस पोहोचली. जुन्या जागी पुन्हा संकुल वा महाभांडार उभारणे हा सोपा मार्ग होता. नगरपालिकेने नागरिकांशी विचारविनिमय करून वेगळा मार्ग स्वीकारला व कंटिन्यूअम पार्टनर्स या विकासकाशी भागीदारी केली. जुलै २००१ मध्ये संकुल बंद झाले. धुलाई-व्यवसायातील रसायनांनी दूषित झालेली जमीन शुद्ध करावी लागली. नंतर सु. ४२ हेक्टरांच्या या जागेवर रस्त्यांचे जाळे आखून तिचे २२ लहान खंड पाडण्यात आले. २००४ मध्ये बेलमार या नावाने पहिला टप्पा खुला झाला. तळमजल्यावर दुकाने, वर घरे व कार्यालये, चित्रपटगृह आणि हिवाळ्यात स्केटिंगसाठी बर्फ गोठविला जाणारा चौक, असे त्याचे स्वरूप आहे. रस्ते व इतर सुविधांवरील खर्चाचा काही भाग पुनर्विकासामुळे वाढणाऱ्या कराच्या उत्पन्नातून भागविण्याची योजना होती.

असे प्रयोग सर्वत्र टिकले नाहीत. डेन्व्हरच्याच दक्षिणेस एंगलवुड येथे १९६८ मध्ये नगराच्या उद्यानाच्या जागेवर सिंड्रेला सिटी हे संकुल झाले होते. ते पाडून तेथे २००० साली लाइट रेलचे स्थानक, घरे व दुकाने उभारली गेली आणि एका जुन्या विभागीय भांडाराच्या इमारतीत नगरपालिका आली. परंतु दोन दशकांतच तेथील दुकाने ओस पडू लागली व पुनर्विकासाचाच पुनर्विकास करण्याची वेळ आली. अन्यत्र संकुलांना निराळे उपयोग लाभले. टेक्सस राज्यातील ऑस्टिन येथील हायलँड मॉलमध्ये सामुदायिक महाविद्यालयाचे संकुल झाले. नॅशव्हिल येथील वन हंड्रेड ओक्स या संकुलात २००९ पासून व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राचे दवाखाने आहेत. ओहायओतील रँडल पार्क मॉल (१९७६) पाडून त्या जागी २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉन या कंपनीचे माल पाठविण्याचे गोदाम सुरू झाले. जागा तीच राहिली, विक्रीही राहिली. नाहीसा झाला तो माणसांचा वावर.

पुनर्विकासाचा लाभ सर्वांस सारखा मिळत नाही. मोडकळीस आलेल्या संकुलात भाडी उतरलेली असतात. त्यामुळे स्थलांतरितांची व इतर लहान दुकाने तेथे तग धरतात. पावसाथंडीत फिरावयास येणाऱ्या वृद्धांस व शाळा सुटल्यावर जमणाऱ्या मुलांसही तोच निवारा असतो. नव्या वस्तीतील भाडे या दुकानांस सहसा परवडत नाही. रस्ते उघडे झाले, तरी दुकानांची मालकी बहुधा एकवटलेलीच राहते. साउथडेलचे उदाहरण मात्र लक्षणीय आहे. ते संकुल चालू राहिले आणि २०१४ पासून त्याच्या वाहनतळाच्या जागेवर निवासी इमारती उभ्या राहिल्या. ग्रूएनच्या आराखड्यातील घरे अशा रीतीने सु. साठ वर्षांनी संकुलाच्या दारी आली.

भारत : भारतात हा प्रकार १९९० नंतरच्या आर्थिक उदारीकरणाबरोबर रुजला. मुंबईत ताडदेव येथे १९९९ मध्ये सुरू झालेले क्रॉसरोड्स हे देशातील आरंभीच्या संकुलांपैकी एक होय. गर्दी आवरण्यासाठी तेथे काही काळ भ्रमणध्वनी वा क्रेडिट कार्ड जवळ असलेल्यांसच मुक्त प्रवेश होता व इतरांकडून शुल्क घेतले जाई. टीका झाल्यावर ही पद्धत बंद करण्यात आली. पुढे हे संकुल सोबो सेंट्रल या नावाने चालले. परंतु लोअर परळ भागात गिरण्यांच्या जमिनींवर मोठी संकुले आल्यावर तेही ओस पडत गेले. ज्या गिरणगावात कामगारांच्या चाळी, खानावळी व व्यायामशाळा यांचा शेजार होता, तेथेच ही नवी संकुले उभी आहेत. त्यांचीही भरभराट ओसरल्यास त्या जमिनींचा उपयोग कोणासाठी व्हावा, हा प्रश्न केवळ मालकांचा न राहता शहराचा राहील.