सीप्झ : पाच इंग्रजी अक्षरांचे गाव

आपण शाळेत होतो तेव्हा अंधेरी पूर्वेला बहुतेकांच्या घरचे, नाहीतर शेजारचे, कोणीतरी ‘सिप्स’ला कामाला असायचे. आमच्याकडे मावशी होती. ती दिवसभर भिंगाखाली सर्किट बोर्डावर बारीक तारा जोडायची आणि घरी आली की आधी डोळ्यांवर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायची. मला ‘सिप्स’ हे गावाचेच नाव वाटे. मरोळ, चकाला, कोंडिविटे, सिप्स, असे एका दमात म्हणता येण्यासारखे.

२००२ साली इंजिनीअर होऊन मीही तिथेच नोकरीला लागले, तेव्हा त्या नावाचे पूर्ण रूप पहिल्यांदा नीट वाचले : सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. आमच्या धंद्यात आद्याक्षरांचा सुळसुळाट असतो, त्यामुळे एकेक अक्षर तपासून पाहायची खोड मला आहे. हे नाव तपासायला घेतले आणि पहिल्याच अक्षराला अडखळले.

सीप्झ सांताक्रूझला नाही. ते अंधेरीत, मरोळच्या अंगाला आहे. आज मेट्रो ३ ने जाणाऱ्याला हे बसल्या जागी कळते : सांताक्रूझ आणि सीप्झ या स्थानकांच्या मध्ये पाच स्थानके लागतात. पण हे क्षेत्र १९७३ साली सुरू झाले तेव्हा मुंबईचा विमानतळ ‘सांताक्रूझ’ म्हणूनच ओळखला जाई. माल परदेशी पाठवायचा, तर परदेशातल्या गिऱ्हाइकाला मरोळ काय सांगणार? गंमत म्हणजे सांताक्रूझ हे नावही इंग्रजी नव्हे. ते पोर्तुगीज आहे. त्याचा अर्थ ‘पवित्र क्रूस’.

मधली अक्षरे सरकारी धोरणाची. कांडला येथे १९६५ साली देशातले पहिले निर्यात क्षेत्र झाले होते. सुटे भाग परदेशातून जकात न भरता आणायचे, इथे जोडायचे आणि तयार माल बाहेर पाठवायचा, अशी ती योजना. म्हणूनच या जागेला कुंपण आणि फाटकावर कस्टम्सचा पहारा. सीप्झ फक्त इलेक्ट्रॉनिक्ससाठी काढले होते. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे हिरे आणि दागिन्यांचे कारखाने आले, नंतर आमच्यासारखे सॉफ्टवेअरवाले आले. नावातले ‘इलेक्ट्रॉनिक्स’ मात्र तसेच राहिले. २००० साली त्याचे विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे ‘एसईझेड’ झाले आणि कागदोपत्री नाव ‘सीप्झ-एसईझेड’ पडले. यात झोन दोनदा येतो! ‘गाडी मागे रिव्हर्स घे’ म्हणावे, तसेच. पण हे कोणाला खटकत नाही, कारण ‘सीप्झ’मधली अक्षरे आता कोणी सोडवून वाचतच नाही. रिक्षावाल्याला ‘सिप्स’ म्हटले की पुरते. आद्याक्षरांचे विशेषनाम होते ते असे.

इथपर्यंत सगळे गमतीचेच होते. मला थांबवले ते आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीने. तिचे घराणे मरोळचे, ईस्ट इंडियन. नोकरी लागल्याचे पेढे द्यायला मी तिच्या घरी गेले, तेव्हा तिची आजी म्हणाली, “सिप्सला? म्हणजे आमच्या गावालाच की!”

मला वाटले, आजी थट्टा करतेय. ती थट्टा नव्हती. सीप्झच्या कुंपणाच्या आत सेंट जॉन द बॅप्टिस्ट या चर्चचे अवशेष उभे आहेत. पोर्तुगीज काळात, १५७९ साली, जेझुइट पाद्रींनी ते बांधले. भोवती कोंडिविटे गावाची वस्ती होती. १८४० साली साथ आली, लोकांनी गाव सोडले आणि ते जवळच मरोळला येऊन राहिले. जुन्या चर्चमधल्या वस्तूही मरोळच्या नव्या चर्चमध्ये आणल्या गेल्या. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांनी त्या जमिनीवर एमआयडीसी आली, मग सीप्झ आले आणि चर्च फाटकाच्या आत गेले. तरी मे महिन्यात, वर्षातून एकदा, परवानगी घेऊन लोक आत जातात आणि त्या छप्पर नसलेल्या भिंतींमध्ये मिस्सा होतो. ज्या फाटकातून मी गळ्यातले ओळखपत्र दाखवून रोज आत जात होते, त्याच फाटकातून आजी वर्षातून एकदा आपल्या गावाला जात होती.

‘ईस्ट इंडियन’ हेही इंग्रजीच नाव. पण ते या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाने स्वतः घेतलेले आहे. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, इथले मूळचे, हे सांगायला १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांनी ते धारण केले. म्हणजे नाव इंग्रजी आहे एवढ्यानेच ते परके ठरत नाही. ते कोणी ठेवले आणि त्याखाली काय झाकले गेले, हे पाहायला हवे.

इथे झाकले गेले ते कोंडिविटे. हे नाव चर्चहूनही जुन्या खुणेला चिकटलेले आहे. शेजारच्या डोंगरातल्या, दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरत गेलेल्या बौद्ध लेण्यांना अभ्यासक आजही कोंडिविटे लेणी म्हणतात. आपण मात्र पाचवीच्या सहलीला ‘महाकाली केव्हज’ला गेलो होतो, आठवतेय ना? मेट्रोत बसून पाहा. मरोळ नाक्यापुढची तीन स्थानके : एमआयडीसी-अंधेरी, सीप्झ, आरे-जेव्हीएलआर. तिन्ही नावांत इंग्रजी आद्याक्षरे. गावाचे नाव एकातही नाही.

सीप्झ हे नाव बदला, असे मी म्हणणार नाही. त्या पाच अक्षरांवर मावशीचा संसार चालला, माझ्या घराचे हप्ते फिटले. ते नावही आता आपलेच आहे. पण मुलीला ते सांगताना मी दोन्ही नावे सांगते. मैत्रिणीची आजी आता नाही. यंदा मे महिन्यात परवानगी मिळाली, तर मैत्रिणीबरोबर मीही जाणार आहे. या खेपेला नोकरीला नाही, कोंडिविट्याला.