उपटावे की जागा करावी?

घरात आठ-नऊ वर्षांचं मूल असलं आणि त्याचे पुढचे दात एकमेकांवर चढू लागले, की आई-बाबा हवालदिल होतात. डॉक्टर म्हणतात, जागा कमी आहे. मग दात काढायचे की जबडा रुंदवायचा? मंडळी, हा वाद आपल्या पणजोबांच्याही आधीचा आहे.

फ्रान्सच्या ब्यूनोंने १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं, की दुधाचे काही दात वेळेआधी काढले तर मागून येणाऱ्यांना वाट मिळते. दुसरी वाट दाखवली सॅन फ्रान्सिस्कोच्या एंजेलने, १८६० मध्ये. वरचा टाळू म्हणजे मधोमध शिवण असलेली दोन हाडं. ही शिवण लहान वयात पक्की झालेली नसते. त्याने एका चौदा वर्षांच्या मुलीच्या टाळूत स्क्रू बसवला आणि तो रोज किल्लीने फिरवायला सांगितला. दोनेक आठवड्यांत पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली! टाळू उघडतो यावर तेव्हा अनेकांचा विश्वासच बसेना. पुढे १९६१ मध्ये अमेरिकेत हासने ही पद्धत पुन्हा प्रतिष्ठेला आणली.

मधल्या काळावर राज्य केलं एडवर्ड अँगलने (नावातला गोंधळ माझा नाही!). निसर्गाने दिलेला एकही दात काढायचा नाही, हा त्याचा बाणा. काही जणांच्या बाबतीत दात काढावेच लागतात, असं केल्विन केस म्हणाला आणि १९११ मध्ये अँगलच्या गटाशी त्याचा जाहीर वाद झाला. पण अँगलचा दरारा मोठा. १९३० मध्ये तो वारला तेव्हाही त्याचंच म्हणणं चालत होतं.

ते मोडलं त्याच्याच शिष्याने, ॲरिझोनाच्या चार्ल्स ट्वीडने. ट्वीडने आपलेच जुने रुग्ण पुन्हा तपासले. कितीतरी जणांचे दात परत वाकडे झाले होते, काहींचे ओठ पुढे आले होते. त्याने अशांच्या चार उपदाढा काढून उपचार नव्याने केले आणि १९४० मध्ये शंभर जणांचे आधीचे व नंतरचे साचे सगळ्यांसमोर मांडले. गुरूवर श्रद्धा होतीच, पण पेशंटचं तोंड खोटं बोलत नव्हतं.

मग काय, लंबक दुसऱ्या टोकाला गेला आणि सरसकट दात निघू लागले. पुढे तोही मागे आला.

मला यात सर्वात आवडतो तो नान्सचा १९४७ मधला मुद्दा. दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद असतात. खालच्या जबड्यात सुळ्यासकट हिशोब केला तर एकेका बाजूला सरासरी १.७ मिलिमीटर जागा उरते. एरवी मागची दाढ पुढे सरकून ती गिळते. वेळेवर बारीक तार लावून दाढ थोपवली, की थोडी दाटी असलेल्या मुलाला तेवढीच पुरते. काढणं नाही, ताणणं नाही... नुसती जागा राखणं.

म्हणून डॉक्टरांना "काढणार का?" एवढंच विचारू नका. जागा किती कमी आहे आणि दुधाच्या दाढा अजून आहेत का, हेही विचारा. त्या एकदा पडल्या की ही तिसरी वाट बंद होते.